गमऱ्यांचा सात नंबर

समोर पोलीस लाठ्या घेऊन उभे आहेत, मागं हजारभर माणूस "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" म्हणून घसा फोडतंय, आणि या दोघांच्या मधोमध एक हडकुळा माणूस उकिडवा बसून रस्त्यावर खडूनं रेघ मारतोय. लालबागच्या नाक्यावर हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रेघ मारून झाल्यावर तो उठला, पँटीला हात पुसले आणि मोर्चाच्या पुढाऱ्यावरच खेकसला, "या रेघेच्या डावीकडं एक पण माणूस दिसता कामा नये. ही परतीची वाट. समजलं?"

पुढारी गडबडला. "अहो, पण आपण परतायला आलोय का? आपण पुढं जायला आलोय!"

"पुढं जा की! नको कोण बोलतोय? पण पुढच्याच्या टाळक्यात लाठी बसली का तो मागं येणार. कुठनं येणार? तुझ्या डोक्यावरनं?"

हे आमचे धोंडू गमरे. त्या दिवशी अश्रुधुराची नळकांडी फुटली, पुढची माणसं डोळे चोळत मागं धावली आणि नेमकी त्या रिकाम्या पट्ट्यातून सुटली. चेंगराचेंगरी झाली नाही. दुसऱ्या दिवशी सभेत पुढारी म्हणाले, "नशीब, कोणाला फार लागलं नाही." पहिल्या रांगेतून गमरे ओरडले, "नशीब नाय, डिझाइन!"

परळच्या एका कापड गिरणीत ब्लीचिंग खातं होतं आणि त्याच्या पाठीमागं पत्र्याच्या शेडमध्ये सेलघर. गमरे तिथले सेलवाले. मी त्याच गिरणीच्या प्रयोगशाळेत. सेलघरातून बाटलीभर ब्लीच न्यायचं, त्याचा कस तपासायचा आणि रजिस्टरात लिहायचा, एवढंच माझं काम. सेल म्हणजे काय ते आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल आणि दोष मला द्याल. चिनी मातीचं एक लांबलचक कुंड. त्यात ग्रॅफाइटच्या काळ्या प्लेटी, मांडणीत ताटं उभी लावतात तशा एकीला लागून एक, मध्ये बोटभर फट. कुंडात मिठाचं पाणी सोडायचं, प्लेटींना वीज द्यायची. मिठाच्या पाण्याचं ब्लीच होतं आणि त्यानं कापड पांढरंफेक निघतं. सोपं वाटतं ना? करून बघा मग! वीज सोडली की प्लेटींवर बुडबुडे धरतात. ते अडकले की विजेची वाट अडते, पाणी तापतं. पाणी तापलं की ब्लीचचा कस जातो आणि प्लेटी झिजून काळी पूड सुटते. आमचे सहा सेल विलायतेहून आलेले, आणि सहाही दुपारपर्यंत असे काही तापायचे की थंड करायला कॉटन ग्रीनहून बर्फाच्या लाद्या आणाव्या लागत.

सातवा सेल पेटीतूनच तडकून आला होता. आमच्या ब्लीचिंग मास्तरांनी, म्हणजे साहेबांनी, त्याच्यावर लाल रंगानं 'कंडम' लिहून तो शेडमागं टाकला. साहेब आमचेच, मराठी. पण सहा महिने विलायतेत राहून आले होते, आणि त्या सहा महिन्यांचं ओझं आम्हाला वर्षानुवर्षं वाहावं लागलं. ड्रॉइंगमध्ये असेल ते खरं, ड्रॉइंगमध्ये नसेल ते देवानं केलेलं असलं तरी चूक, असं त्यांचं मत होतं.

"साहेब, हा सेल मला द्या," गमरे म्हणाले.

"तडकलेला सेल घेऊन काय करणार तू? कोंबड्या पाळणार?"

"बोलत नाय. करून दाखवतो."

दुपारच्या सुट्टीत भाकरी चार घासांत संपवून हा माणूस त्या कुंडाशी बसायचा. मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाची पिवळी भुकटी, आणि ग्लिसरीन कालवून त्यानं तडा बुजवला. बाकीच्या सेलांतल्या टाकून दिलेल्या प्लेटी घासूनपुसून बसवल्या, पण अख्खं कुंड भरलं नाही. एका अंगाला वीतभर जागा मोकळी सोडली, आणि प्लेटी आणि मोकळी जागा यांच्या मधोमध काय उभं केलं असेल? शाळेत मुलं वापरतात ती दगडी पाटी! चौकट काढलेली, आणि तिरकी. मी खो खो हसलो. गमरे म्हणाले, "हास. दात चांगले आहेत तुझे."

मग वीज सोडली. बुडबुडे प्लेटींमधून वर चढले, पाण्याला आपल्याबरोबर वर घेऊन गेले, आणि ते पाणी पाटीवरून घसरून मोकळ्या जागेतून खाली उतरलं, परत प्लेटींखाली शिरलं. गोल गोल, आपोआप. ना पंप, ना ढवळणं. संध्याकाळी हात लावून पाहिला तर कुंड थंडगार. मी कस तीनदा तपासला, कारण पहिल्या दोनदा माझाच माझ्यावर विश्वास बसेना. सहा विलायती सेल मागं पडले होते.

साहेब बघायला आले. कुंडाभोवती एक फेरी मारली आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "इथं आणखी दोन प्लेटी बसल्या असत्या. जागा फुकट घालवलीस."

"साहेब, ती रिकामी जागाच काम करते. वर जायची वाट असते तशी खाली यायची पण पायजे."

त्यानंतर या माणसानं त्या एका वाक्यावर आम्हाला जगू दिलं नाही. चाळीच्या जिन्यावर उभं राहून चढणाऱ्यांनी उजवीकडून आणि उतरणाऱ्यांनी डावीकडून जावं म्हणून भांडणं केली. एका लग्नात पंगतीला बसलेल्या चाळीस माणसांना पानावरून उठवून रांगा सरकवायला लावल्या. "वाढपी आत जाणार कसा न् भाहेर येणार कसा? आमटी काय उडत येणार हाय?" मुलीच्या बापानं हात जोडले, पण गमरे हटले नाहीत. जेवण अर्ध्या वेळात उरकलं, हे मात्र त्या बापानंही नंतर कबूल केलं.

माझी गोष्ट वेगळी. आम्ही धैर्यवान म्हणजे गिरगावातले जुने पाठारे प्रभू. माहीमला एके काळी आमची वाडी होती, हे आमच्याकडे जेवणाआधी आणि जेवणानंतर सांगितलं जायचं. मी स्वभावानं तापट, पण ताप सगळा घरी. साहेबांसमोर माझ्या तोंडून "हो सर" याखेरीज शब्द फुटत नसे. गमऱ्यांना यात भारी मजा वाटायची. "आडनाव धैर्यवान! हे काय बरं नाय. बदलून घे, नायतर आडनावाला लाज वाटंल."

एकदा ते आमच्या घरी आले. त्यांनी नुकताच धर्म बदलला होता, छातीवर निळा बिल्ला होता, आणि आमच्या आईनं न बोलता कोपऱ्यातली कान तुटलेली कपबशी चहासाठी पुढं केली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. गमऱ्यांनी शांतपणे चहा घेतला, कप धुतला आणि म्हणाले, "मावशी, माझी कपबशी वेगळी काढलीत ना? मग ती माझी झाली. आता हिच्यातच पिणार." आणि दर रविवारी येऊ लागले! बसायचे, चहा प्यायचे, आईला सांगायचे की चुलीसमोर मांडणी नको, धुराला वाट द्या. आईनं एक दिवस खरंच मांडणी हलवली. तिचा खोकला कमी झाला. पुढं कधीतरी त्यांना चांगल्या कपात चहा मिळू लागला आणि ती तुटक्या कानाची कपबशी कुठं गेली ते आईलाही सांगता येईना.

सत्याग्रह सुरू झाला तेव्हा गमरे पहिल्याच तुकडीत गेले. जाताना मला म्हणाले, "माझ्या सात नंबरला कोणी हात लावला तर मला तुरुंगात कळव."

"अहो, मी कसं कळवू?"

"ते तुझं तू बघ. बी.एस्सी. कोण झालाय?"

त्यांना आत जाऊन चार दिवस झाले असतील. साहेब सेलघरात आले आणि त्या मोकळ्या जागेत दोन प्लेटी बसवायला सांगितलं. पाटी आड येत होती म्हणून ती उपटून भिरकावली. मी तिथंच उभा होतो, हातात बाटली घेऊन. बोलायला तोंड उघडलं होतं, खोटं कशाला सांगू! पण साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं तोंड मिटलं. पाटीचे दोन तुकडे झाले होते. ते मी उचलून कपाटामागं ठेवले, आणि माझी मर्दुमकी तिथं संपली.

दुपारपर्यंत सात नंबर खदखदायला लागला. नव्या प्लेटी झिजून काळी पूड सुटली, ती ब्लीचमध्ये गेली, ब्लीच कापडावर गेलं, आणि लाँगक्लॉथच्या पांढऱ्या ताग्यांवर तीळ पेरल्यासारखे काळे ठिपके उठले. सगळी भट्टी वाया. साहेबांनी सेल बंद केला आणि पुन्हा लाल रंग मागवला. तेवढ्यात वरून हुकूम आला. मालकांनी माझं रजिस्टर चाळलं होतं. सात नंबरचे मागचे आकडे त्यांनी पाहिले होते, आणि सगळे सेल तसेच करायचे, लगेच ड्रॉइंग पाठवा, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेबांचा चेहरा त्या दिवशी बघण्यासारखा होता, पण मला बघायची हिंमत नव्हती.

गमरे सुटून आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. सेलघरात शिरले, कुंडात डोकावले आणि पहिला प्रश्न विचारला, "पाटी कुठाय?"

मी कपाटामागचे तुकडे आणून दिले. त्यांनी ते रुमालात बांधले.

"तू होतास ना इथं?"

"होतो."

"बरं."

एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. त्या एका 'बरं'नं मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

साहेब तिथं आले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून आले असावेत. "गमरे, तो सेल पहिल्यासारखा लाव आणि मापं सांग. ड्रॉइंग काढायचंय."

"सांगतो. ड्रॉइंगवर नाव पायजे."

"कोणाचं?"

"ज्याच्या डोक्यातनं आलं त्याचं."

साहेब हसले. "ड्रॉइंगवर खात्याच्या प्रमुखाचं नाव असतं. ती पद्धत आहे. मजुराचं नाव या गिरणीत आजवर कुठल्या ड्रॉइंगवर आलेलं नाही."

"मग आता येईल."

"कामावरून काढीन!"

"काढा. आन् सेल चालवून दाखवा."

झालं! साहेबांनी चार दिवस स्वतः बाह्या सरसावून त्या कुंडाशी झटापट केली. पाटीच्या जागी लाकूड लावलं, ते ब्लीचनं खाल्लं. पत्रा लावला, तो दोन दिवसांत चाळणी झाला. दुसरी पाटी आणून लावली तर कल किती ठेवायचा ते कळेना, पाणी फिरेना. गमरे समोर बादली पालथी घालून बसलेले, हाताची घडी, चेहरा निर्विकार. सगळी गिरणी त्यांना समजवायला आली. आमच्या युनियनचा सेक्रेटरीसुद्धा आला. "गमरे, इकडं अख्ख्या महाराष्ट्राचा प्रश्न पेटलाय आणि तुम्ही एका नावाला धरून बसलाय?"

गमरे उठून उभे राहिले. "महाराष्ट्र कशाला पायजे रे तुला? आपलं ते आपलं हाय, असं लिहून पायजे म्हणूनच ना? मग मोठं लिहिलेलं चालतं आन् बारीक लिहिलेलं चालत नाय का? मी त्यासाठी आत जाऊन आलो, यासाठी पण जाईन!"

सेक्रेटरी निघून गेला.

पाचव्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. "धैर्यवान, दुपारी मालकांची बैठक आहे. तू त्याच्याकडून मापं घे आणि ट्रेसिंग काढ. त्याला म्हणावं नाव घातलंय. घाल हवं तर, पेन्सिलीनं. मग ते खोडून शाईनं माझं टाक. तुझी बढती माझ्या लक्षात आहे."

मी "हो सर" म्हणालो. सवयच ती! पण सेलघरापर्यंतच्या त्या शंभर पावलांत मला एकेक आठवत गेलं. त्या दिवशी मिटलेलं तोंड, कपाटामागचे तुकडे, ते 'बरं', सगळंच. गमऱ्यांच्या पुढ्यात ट्रेसिंगचं कापड पसरलं आणि म्हणालो, "साहेबांनी मला असं असं करायला सांगितलंय. मी करणार नाही. शाईनं लिहिणार आणि तुम्हीच सांगाल ते लिहिणार."

गमऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय जेवून आलास रे आज?"

मग त्यांनी मापं सांगितली. एक कागद नाही, टिपण नाही, सगळी तोंडपाठ. प्लेटींमधली फट, मोकळी जागा, पाटीचा कल. रेघा सरळ आल्या. शेवटी उजव्या कोपऱ्यातली चौकट राहिली. मी दौतीत टाक बुडवला. "पूर्ण नाव सांगा. धोंडू पुढं वडिलांचं नाव काय?"

गमऱ्यांनी माझा हात धरला. "माझं नाय लिहायचं."

"मग कोणाचं?"

ते एकदम लाजले. हो, लाजले! खाली बघून म्हणाले, "आमच्या घरातलं. म्हंजे... हिचं."

तीन वर्षं मी या माणसाबरोबर काम केलं होतं. त्यांना बायको होती हेच मला माहीत नव्हतं. मग ते हळूहळू बोलू लागले. ती याच गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती. बायका कमी केल्या तेव्हा घरी बसली. मग परळच्या इस्पितळातल्या नर्सबायांचे पांढरे कपडे धुवायला आणू लागली. डब्यात सोडा घालून कपडे उकळायचे आणि काठीनं ढवळत राहायचं. खांदे भरून यायचे. "एक दिवस बघतो तर काय, हिनं डब्यात पाटी उभी केलेली, तिरकी. फेस एकीकडनं वर, दुसरीकडनं खाली. कपडे आपले आपण फिरतायत, आन् बाई निवांत बसलीय. मी बोललो, अगं हे काय? तर बोलली, ढवळायचा कंटाळा आला." गमरे हसले. "पाटी तिचीच. प्रौढांच्या वर्गाला जायची. सगळं नाव लिहिता यायचं नाय, अर्ध्यापर्यंत आली होती. मग तापानं गेली. मला सेलाचं सुचलं ते पुढं वर्षानं. सुचलं कसलं, तिचं होतं ते उचललं. दुसऱ्यानं पण उचलावं, हे मी नाय होऊ देणार."

मी टाक पुन्हा दौतीत बुडवला आणि म्हणालो, "नाव सांगा त्यांचं."

गमऱ्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. "आमच्यात बायकोचं नाव घेत नाय."

"अहो, देव सोडलेत, उपासतापास सोडलेत, पोलिसांना भ्यायला नाहीत!"

"ते सोपं होतं रे."

शेवटी त्यांनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि टिपकागदावर, एकेक अक्षर दाबून, लिहून दिलं. मी ते शाईनं चौकटीत उतरवलं. बाकी ड्रॉइंग इंग्रजीत होतं, हे नाव मराठीत. खाली 'चेक्ड बाय' लिहिलं होतं तिथं माझी सही ठोकली, चांगली ठसठशीत.

साहेबांनी ड्रॉइंग पाहिलं आणि ते उडालेच. "ही कोण बाई?"

"सेल यांनी काढलाय सर."

"फाड ते! आत्ताच्या आत्ता फाड!"

"तुम्ही फाडा," मी म्हणालो. माझाच आवाज मला ओळखू येईना. "मी दुसरं काढीन. त्याच्यावरही हेच नाव असेल. आणि ठिपके कोणाच्या हुकुमानं पडले तेही रजिस्टरात तारीखवार लिहीन."

साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं. बैठकीला दहा मिनिटं उरली होती. त्यांनी ड्रॉइंगची गुंडाळी केली आणि माझ्याकडं न बघता निघून गेले. पुढं माझी बढती कुठं गेली ते कोणी विचारू नका. मला तिची एक दिवसही चुटपुट लागली नाही.

आठवड्याभरानं निळ्या छापील प्रती आल्या. एक मी मागून घेतली आणि सेलघरात नेली. तिथं बाकीच्या सहा सेलांची मोडतोड चालू होती, सगळीकडं ग्रॅफाइटची पूड. गमऱ्यांनी हात धुतले, पुसले, परत धुतले, मग प्रत हातात घेतली. कोपरा बराच वेळ बघत राहिले.

"वाच," ते म्हणाले.

"तुम्हाला येतं की वाचता."

"येतं. मनात वाचलं पण. मोठ्यानं माझ्या तोंडून निघायचं नाय, आन् घरात दुसरं कोणी नाय. ती गेल्यापासनं ते नाव कानावर आलेलं नाय रे."

मी वाचलं, "तानूबाई धोंडू गमरे."

त्यांनी डोळे मिटले होते. "परत," म्हणाले.

मी परत वाचलं. या वेळी इतक्या मोठ्यानं की पलीकडच्या ब्लीचिंग खात्यातली माणसं हातातलं काम थांबवून आमच्याकडं बघू लागली.